डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डरचं निदान झालंय, घरचे 'अंगात येतं' म्हणतात. कसं पचवू?

ताई, या आजारात एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी आलटून-पालटून पुढं येतात. हे वेड नाही आणि स्किझोफ्रेनियाही नाही. बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी लहानपणी वारंवार सोसलेला आघात असतो. तग धरायला मन तेव्हाच कप्पे पाडतं. यावर खास अशी गोळी नाही, मुख्य उपचार बोलण्याचा, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. (गोळ्या दिल्या असतील तर त्या बहुधा उदासी-घबराटीसाठी. परस्पर बंद करू नका.)

वही ठेवा. त्यात दुसऱ्याच वळणाचं अक्षर दिसलं तर पान फाडू नका, थेरपिस्टला दाखवा. बीड-परभणीकडं या कामातला थेरपिस्ट सापडणं अवघडच, ऑनलाइन बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. देवऋष्याकडं नेतो म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, पण जाऊही नका.