पहिलं लायपोसक्शन बिघडलंय, दुरुस्तीच्या सर्जरीसाठी डॉक्टर कसा निवडायचा?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपूर्वी पोटाचं आणि कमरेचं लायपोसक्शन (चरबी ओढून काढायची सर्जरी) केलं, आता पोटावर खड्डे दिसतात, एक बाजू दुसरीपेक्षा जाड राहिलीय आणि डॉक्टर "सूज आहे, उतरेल" एवढंच म्हणतात, तर आता दुसरा डॉक्टर बघू का आणि बघितला तर तो खरंच चांगला आहे हे कसं ओळखू. मी डॉक्टर नाही, पण याच फेऱ्यातून गेलेय, एकदा चुकीचा डॉक्टर निवडून आणि एकदा बरोबर, त्यामुळे दोन्हीतला फरक सांगू शकते.

पहिल्या वेळी मी काय केलं तर इन्स्टाग्रामवर आधीचे-नंतरचे फोटो बघितले आणि भुलले. आता तेच फोटो बघते तेव्हा हसू येतं. आधीच्या फोटोत बाई पोट सोडून उभी, उजेड वरून, नंतरच्या फोटोत श्वास आत, कंबर जराशी वळलेली आणि उजेड थेट समोरून. समोरून उजेड टाकला की खड्डे दिसतच नाहीत हो, सावलीच पडत नाही ना. फोटो मागायचेच असतील तर सर्जरीनंतर वर्षभराने काढलेले मागा, सहा आठवड्यांचे नकोत, आणि तुमच्यासारख्या बांध्याच्या पेशंटचे मागा. पोट टक (पोटाची सैल कातडी कापून ताणून शिवणं) केलेलं असेल तर आडवा व्रण दिसतोय का बघा, तो कायम चड्डीखाली लपवलेला असेल तर का लपवलाय ते विचारा. तुमच्या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्यांच्या बिघडलेल्या केसेस दुरुस्त केलेले फोटो आहेत का. ज्याच्याकडे दोनशे सुंदर फोटो आहेत पण रिव्हिजनचा, म्हणजे दुरुस्तीच्या सर्जरीचा, एकही नाही तो पहिल्या सर्जरीसाठी चांगला असेलही, तुमच्या कामाचा नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडचं पहिलं कन्सल्टेशन मला अजून लख्ख आठवतं. बाईंनी (सर्जन बाई होत्या) आधी बोलणंच काढलं नाही, उभं राहायला सांगितलं, खोलीतला वरचा दिवा बंद केला आणि एक छोटा दिवा माझ्या बाजूला आणून तिरका धरला. पोटावरचा एकेक खड्डा असा उठून दिसला की मलाच धक्का बसला. मग म्हणाल्या पुढे वाका, वाकल्यावर कातडी सैल लोंबते का ते बघितलं. दोन बोटांच्या चिमटीत ठिकठिकाणी धरून बघितलं, कुठे चरबी उरलीय, कुठे नुसती कातडी, कुठे कातडी खालच्या थराला चिकटलीय. शेवटी झोपवून डोकं उचलायला आणि खोकायला लावलं, म्हणजे पोटाचे स्नायू मधून फाकलेत का, हर्निया आहे का ते कळावं. हर्निया असताना पोटावरच्या चरबीत कॅन्युला (चरबी ओढायची पोकळ नळी) फिरवली तर आतडं भोसकलं जाऊ शकतं, ही तपासणी पहिल्या ठिकाणी कुणी केलीच नव्हती! तिथे एका काउन्सेलर मुलीने टॅबवर पॅकेज दाखवलं होतं आणि डॉक्टर येऊन पाच मिनिटांत "बेस्ट रिझल्ट येईल" म्हणून गेले होते. तेव्हा मला तो आत्मविश्वास वाटला, काय सांगू.

तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, जुन्या ऑपरेशनच्या नोट्स आणा, त्याशिवाय मी काही बोलणार नाही. नोट्समध्ये किती द्रव आत सोडला (चरबी ओढण्याआधी तिच्यात टोचतात तो), किती चरबी काढली, कुठून कुठून काढली, भूल कसली दिली हे असतं. माझ्या नोट्स अर्ध्या पानाच्या निघाल्या आणि त्यातही डाव्या-उजव्या बाजूचे आकडे वेगळे लिहिलेले नव्हते. तुम्ही आजच मागून घ्या, लेखी मागा, लाजू नका, आणि डिस्चार्जचे कागद आणि सर्जरीआधीचे फोटोही मागा.

आता रिव्हिजन अवघड का, हे समजलं की डॉक्टर पारखणं सोपं जातं. पहिल्या वेळी चरबीचा थर मऊ असतो, कॅन्युला सहज सरकते. दुसऱ्या वेळी आत व्रणाचे धागे झालेले असतात, कातडी ओढून धरतात, खड्डा बऱ्याचदा त्यामुळेच दिसतो. तिथे आणखी चरबी ओढून उपयोग नसतो, उलट ते धागे सोडवून दुसरीकडची चरबी आणून भरावी लागते, आणि भरलेल्या चरबीतली बरीचशी शरीर शोषून घेतं, म्हणून कधीकधी दोन सिटिंग लागतात. जुन्या व्रणांमुळे कातडीचा रक्तपुरवठाही बदललेला असतो, तेव्हा नंतर पोट टक करायचं ठरलं तर सर्जनला जपून काम करावं लागतं. आणि मुळात कातडीच सैल असेल तर लायपोसक्शन कितीही वेळा करा, ती घट्ट होणार नाही. हे सगळं न बोलता कुणी "पुन्हा थोडं लायपो करून लेव्हल करू" म्हणाला तर मी तरी उठून येईन.

घाई पण करू नका. सूज बरीचशी तीन ते सहा महिन्यांत उतरते, व्रण मऊ पडून स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यामुळे बहुतेक सर्जन कमीत कमी सहा महिने आणि शक्यतो वर्षभर थांबायला सांगतात. तुमचे आठ झालेत, म्हणजे सगळंच सुजेवर ढकलता येणार नाही, पण भेटीगाठी सुरू करायला वेळ बरोबर आहे. मला बाईंनी आणखी चार महिने थांबवलं होतं. मी चिडले होते, खोटं कशाला बोलू.

डिग्रीचं म्हणाल तर "कॉस्मेटिक सर्जन" या पाटीवर जाऊ नका, ती बऱ्याच देशांत कुणीही डॉक्टर लावू शकतो. प्लास्टिक सर्जरीचं पूर्ण स्पेशलायझेशन आहे का ते मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव टाकून बघा, भिंतीवरच्या सर्टिफिकेटांत दोन दिवसांच्या वर्कशॉपचीही असतात. पण डिग्री ही नुसती उंबरठ्यापर्यंतची गोष्ट, माझ्या पहिल्या डॉक्टरांकडेही ती होती.

मी नंतर एक प्रश्न तीन डॉक्टरांना विचारला, तुमच्या स्वतःच्या कुठल्या केसमध्ये काय बिघडलं आणि मग तुम्ही काय केलंत? एक म्हणाले माझ्याकडे असं होत नाही. दुसऱ्यांनी विषय बदलला. बाईंनी शांतपणे सांगितलं की एका पेशंटच्या पोटाच्या कातडीखाली पाणी साठत राहिलं, चार वेळा सुईने काढावं लागलं, आणि एकीला खड्डा राहिला तर वर्षाने चरबी भरली, स्वतःची फी न घेता. तिथेच माझं ठरलं. या निमित्ताने रिव्हिजनची पॉलिसीही लेखी विचारून घ्या, सर्जन फी सोडतो पण हॉस्पिटल आणि भुलेचा खर्च आपल्याच अंगावर येतो असं बऱ्याचदा असतं.

सुरक्षेचं थोडक्यात. भूल कोण देणार, तो भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ तिथेच असणार का, काही झालं तर आयसीयू कुठे, हे विचारा. द्रव धरून ५ लिटरपेक्षा जास्त एका वेळी काढणार असतील तर ते मोठं लायपोसक्शन धरतात, रात्रभर देखरेखीखाली ठेवायला हवं. पोट, मांड्या, हात सगळं एकाच दिवशी उरकू असं कुणी म्हटलं तर ऑपरेशन किती तास चालेल ते विचारा, कारण जितके तास जास्त तितका पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त. चरबी नितंबात भरायची गोष्ट निघाली तर ती फक्त कातडीखाली टाकणार ना, स्नायूत नाही ना, हे स्पष्ट विचारा. स्नायूत टाकलेली चरबी मोठ्या शिरांत शिरून फुप्फुसात गेल्याने मृत्यू झालेत आणि २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनच्या संघटनांनी मिळून तसा इशाराही दिला होता. सिगरेट ओढत असाल तर चांगला सर्जन निदान चार आठवडे आधीपासून बंद करायला लावेलच, निकोटिनचं च्युइंगमसुद्धा.

पहिल्या डॉक्टरांना एकदा तरी पुन्हा भेटा, भांडायला नाही. तिरक्या उजेडात काढलेले फोटो घेऊन जा आणि सरळ विचारा, हे सूज आहे की खड्डा, आणि तुमच्या मते पुढे काय. काहीजण तेव्हा प्रामाणिकपणे दुसऱ्या सर्जनचं नाव सुचवतात. फोटो दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात काढत जा, आपले डोळे आरशात रोज वेगळंच बघतात. माझ्या बाईंनी मला हेही विचारलं होतं की दिवसातून किती वेळा आरशात बघतेस, त्यामुळे कुठे जायचं टाळतेस का. मला तेव्हा राग आला, पण शरीराच्या दिसण्याचाच ध्यास लागलेला असेल तर कितीही सर्जरी करून समाधान होत नाही, आणि ते आधीच ओळखणं सर्जनचं काम आहे.

रिव्हिजनच्या आधी बाईंनी माझ्या पोटावर मार्करने गोल काढले होते, हिरवे भरायचे, लाल हात न लावायचे, आणि उजव्या बरगडीखालच्या एका खड्ड्यावर फुली मारून म्हणाल्या, हा निम्माच सुधारेल, कातडी फार चिकटलीय, चालेल ना? दोन वर्षं झाली, तो निम्माच सुधारलाय. मध्ये एकदा मी विचारलं, अजून एकदा करूया का, तर म्हणाल्या, नको, आता हात लावला तर बिघडेल, सहा महिन्यांनी नुसतं दाखवायला ये.