सांगलीत इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) मोजून मिळतो का, की पुण्याला क्लॅम्प टेस्टसाठी जावं लागेल?

सांगलीतच होईल, क्लॅम्पसाठी कुठं जायची गरज नाही, उपाशीपोटी शुगर आणि फास्टिंग इन्सुलिन एकाच रक्तातनं करून घ्या, त्यावरनं होमा-आयआर, म्हणजे रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा, निघतो. मी मिरजेत लॅबमध्ये काम करतो, रोज हे रिपोर्ट काढतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून 405 नं भागायचं, म्हणजे शुगर 98 आणि इन्सुलिन 14 असेल तर साधारण 3.4. क्लॅम्प सगळ्यात अचूक हे खरं, पण ती संशोधनातली पद्धत आहे: शिरेतनं इन्सुलिन चालू ठेवतात, सोबत ग्लुकोज सोडत राहतात आणि दर 5-10 मिनिटाला शुगर बघत ती एका जागी धरून ठेवतात, असं दोन-तीन तास, आणि ग्लुकोज जितकं कमी लागेल तितका रेझिस्टन्स जास्त. फक्त एक ध्यानात ठेवा, होमाला सगळीकडं चालणारा एकच कटऑफ नाही आणि इन्सुलिनचा आकडा मशीनप्रमाणं बदलतो, म्हणून परत करताना लॅब तीच ठेवा. आणि रात्रीपासनं खरंच उपाशी या, बरेच जण घोटभर चहा पिऊन येतात, मग आकडा उपाशीपोटीचा राहत नाही.