आकडा नाचतोय? आधी हवा काढा

नळीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा सतत हलत असेल, तर सेन्सर बदलायची घाई करू नका, बहुतेक वेळा तो बिचारा खरंच सांगत असतो. आधी त्याच्याकडे जाणारी बारीक नळी उजेडात धरून बघा. एखादाच बुडबुडा अडकला असला तरी तो स्प्रिंगसारखा दबतो-फुगतो आणि आकडा डोलत राहतो. टिचक्या मारत, पाणी वाहतं ठेवून तो हुसकून लावा.

मग पंप बंद करून उंचावरच्या टाकीतून पाणी सोडून बघा. आकडा शांत झाला, तर ते पंपाचेच ठोके. रोलरच्या पंपात (रोलर फिरत लवचीक नळी दाबत पाणी पुढे ढकलतात) ते असायचेच.

नवखे हमखास इथे चुकतात:

- वळणाला किंवा व्हॉल्व्हला खेटून माप घेणं.
- ओरिफिसच्या (प्रवाह मोजायला नळीत बसवलेल्या भोकाच्या चकतीच्या) दोन बाजूंमधल्या दाबफरकाची आधी सरासरी काढून मग प्रवाहासाठी वर्गमूळ घेणं. अशाने प्रवाह जास्त दिसतो. आधी वर्गमूळ, मग सरासरी.

ठोके शमवणारा डॅम्पर आणि आकडा गुळगुळीत करणारा फिल्टर यांचं नंतर बघू.