कुलगुरूंचं पत्र: कुणाला, कधी, किती ओळींत

विद्यापीठांच्या कचेऱ्यांतून, वसतिगृहांतून आणि वर्गांतून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना धरून आहेत.

पावसामुळे पेपर पुढे ढकलायचा निर्णय कुलगुरू सकाळी सातला घेतात, पण परिपत्रक बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. तोवर गेल्या वर्षीचं परिपत्रक तारीख बदलून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं. हे तीन तास कसे वाचवायचे? – उपकुलसचिव, कोकण

हे तास निर्णयात जात नाहीत. मसुदा, टंकलेखन, दुरुस्ती, सही, शिक्का, स्कॅन यांत जातात. यातलं बरंचसं काम जून उजाडण्यापूर्वीच उरकता येतं. मजकूर मंजूर करून ठेवा आणि त्यात चारच जागा रिकाम्या सोडा: कोणत्या परीक्षा, कोणती तारीख व सत्र, कोणते जिल्हे, नवी तारीख. अधिकाराची अडचण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम १२(७) नुसार तातडीच्या प्रसंगी कुलगुरू स्वतः कारवाई करू शकतात. नंतर ती कारणांसह संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवावी लागते. म्हणजे बैठकीसाठी थांबायला नको. पण पुढच्या बैठकीत विषय ठेवायचा राहून गेला, तर लेखापरीक्षणात नाही तरी अधिसभेत (सिनेटमध्ये) तो निघतोच.

कुणाला आधी कळवायचं, यात मोठी चूक होते. पहिला निरोप केंद्रप्रमुखांना गेला पाहिजे, विद्यार्थ्यांना नंतर. प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन येतात आणि केंद्रावरच छापल्या जातात. एका आडगावच्या केंद्राला निरोप मिळाला नाही आणि त्यांनी पेपर उघडला, तर तो पेपर सगळ्याच केंद्रांसाठी बाद होतो आणि परीक्षा विभागाला नवा संच काढावा लागतो. म्हणून केंद्रप्रमुखांकडून ‘मिळाले’ असं उत्तर घ्या आणि ज्यांचं येणार नाही त्यांना थेट फोन लावा. वीज गेलेल्या भागात मोबाइलचा टॉवरही बंद असू शकतो. तिथे तहसील कार्यालय किंवा पोलीस ठाण्यामार्फत निरोप धाडायची सोय आधी ठरवून ठेवलेली बरी.

मजकुरात ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द नकोत. पुढे पाठवलेला संदेश दुसऱ्या दिवशीही वाचला जातो. तारीख आणि वार, दोन्ही लिहा. ‘उर्वरित सर्व परीक्षा ठरलेल्या वेळापत्रकानुसार होतील’ ही ओळ हमखास राहते आणि कुलसचिव कार्यालयाचे फोन दिवसभर वाजतात ते याच एका ओळीपायी. नवी तारीख ठरली नसेल, तर ती कोणत्या दिवशी कळेल ते सांगा.

एसएमएसचं गणित वेगळं. देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हं बसतात (रोमन लिपीत १६०), आणि काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा हे सगळं मोजलं जातं. ‘१८ जुलै, शुक्रवारचे सर्व पेपर पुढे ढकलले. नवी तारीख संकेतस्थळावर.’ हा मजकूर ६५ चिन्हांचा आहे. शिवाय अशा संदेशाचा साचा दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ऐन वेळी लिहिलेला मजकूर जातच नाही, मध्येच अडवला जातो.

परिपत्रक युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याचा चुराडा होतो. स्कॅन केलेलं चित्र तर अंध विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला वाचताच येत नाही. सही-शिक्क्याची प्रत जोडा, पण मजकूर पानावर मोकळाही ठेवा.

बनावट परिपत्रकावर उपाय एकच. सगळी परिपत्रकं संकेतस्थळावरच्या एकाच पानावर, जावक क्रमांक आणि वेळेसह ठेवायची, आणि प्रत्येकाच्या तळाशी त्या पानाचा क्यूआर कोड द्यायचा. चूक सुधारायची तर शुद्धिपत्रक काढा. जुनी फाइल गुपचूप बदलू नका, कारण मग खरं परिपत्रकही बनावट वाटू लागतं. बनावट प्रत दाखवायचीच असेल, तर ‘बनावट’ हा शब्द मजकुरावरून तिरपा, मोठा छापा. कोपऱ्यात लिहिलेला कापून टाकता येतो.

निकाल रखडला आहे. कुलगुरू तारीख का सांगत नाहीत? – विद्यार्थी प्रतिनिधी, मुंबई

आतून खात्री नसताना सांगितलेली तारीख न सांगण्याहून वाईट असते. मुंबई विद्यापीठानं २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल रखडले. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, पुढच्या मुदतीही हुकल्या आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. कायद्याची अपेक्षा ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावण्याची आहे; तेवढ्यात न झाल्यास कारणांचा अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला द्यावा लागतो.

तारखेऐवजी आकडे मागा. आपल्या शाखेच्या एकूण उत्तरपत्रिका किती, तपासून झाल्या किती, नियमन (मॉडरेशन, म्हणजे फेरतपासणी) बाकी किती, गैरहजर दाखवलेल्यांची पडताळणी कुठवर आली, हे दर दोन दिवसांनी ठरल्या वेळी जाहीर करता येतं. परदेशी प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी ज्यांना मुदत आहे, त्यांचे निकाल आधी तपासून गोपनीय पत्रानं थेट संबंधित संस्थेला कळवायची सोय आहे का, हेही विचारा. तक्रार लेखी करायची असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यापुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे जाता येतं.

आवारात बिबट्या दिसल्याचं एका रखवालदारानं सांगितलं. खात्री होईपर्यंत थांबावं की लगेच कळवावं? – सुरक्षा अधिकारी, पश्चिम महाराष्ट्र

लगेच कळवा, आणि जेवढं कळलं आहे तेवढंच कळवा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. विद्यापीठाचा पहिला ईमेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. पावणेदहाच्या आसपास त्याच हल्लेखोरानं दुसऱ्या इमारतीत शिरून ३० जणांना मारलं. त्यानंतर तिथल्या कायद्यात तातडीच्या सूचनेची तरतूद कडक झाली.

बिबट्याच्या बाबतीत मजकूर असा: ‘पहाटे ५.४० वाजता ग्रंथालयामागच्या झाडीत बिबट्या दिसल्याची माहिती आहे, खातरजमा सुरू आहे. या बाजूचा रस्ता बंद. एकट्यानं बाहेर पडू नका. पाहायला गर्दी करू नका. पुढची सूचना ७ वाजता.’ गर्दीची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण चहूबाजूंनी माणसं दिसली की वाट सापडत नसल्यानं जनावर अंगावर येतं. वनविभागाचा क्रमांक १९२६. सातला नवं काही कळलं नसलं तरी सूचना द्यायचीच. आणि हा संदेश कुलगुरूंच्या सहीसाठी थांबता कामा नये. पाठवायचा अधिकार तुमच्याकडे लेखी असू द्या. सफाई कामगार आणि मेसचे कर्मचारी पहाटेच येतात आणि त्यांची नावं बहुधा कुठल्याच यादीत नसतात, त्यांच्या ठेकेदाराला फोन करा.

वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्यानं जीवन संपवलं. कुलगुरूंच्या नावानं काय लिहावं? – रेक्टर, विदर्भ

लिहिण्याआधी सांगायचं. सर्वांत आधी घरच्यांना, आणि शक्य असेल तर फोनवर न सांगता कुणीतरी समोर जाऊन. मग खोलीतल्या सोबत्यांना आणि वर्गमित्रांना तोंडी, लहान गटांत. त्यानंतर इतरांना लेखी. हा क्रम चुकला, तर आईवडिलांना बातमी समाजमाध्यमावरून कळते.

पत्र शंभर-सव्वाशे शब्दांचं पुरे. मृत्यू झाला हे सरळ लिहा. नाव घरच्यांच्या संमतीनंच. कसा, कोणत्या खोलीत, चिठ्ठी होती की नाही, यातलं काहीही नको. त्याच वयाच्या, त्याच ताणात असलेल्या दुसऱ्या मुलाला अशा तपशिलांमुळे धोका वाढतो. ‘वैयक्तिक कारणांमुळे’ आणि ‘विद्यापीठाचा संबंध नाही’ ही दोन वाक्यं प्रशासनाच्या लेखणीतून आपोआप उतरतात, ती खोडा. चौकशी झालेली नसताना पहिलं वाक्य दोष घरावर ढकलतं, दुसरं दोष झटकतं. ‘पोलीस तपास सुरू आहे, विद्यापीठ सहकार्य करत आहे’ एवढं बस्स.

बाकीचं पत्र उरलेल्यांसाठी असावं: समुपदेशक कोणत्या खोलीत, किती ते किती बसतील, रात्री कोण जागं आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, चोवीस तास. प्रत्येक क्रमांक छापण्यापूर्वी स्वतः लावून पाहा, कारण बंद लागलेला क्रमांक अशा रात्री फार महागात पडतो. ज्यांना परीक्षा देणं जमणार नाही त्यांच्यासाठी काय सोय, तेही याच पत्रात. नंतर मोठी शोकसभा न घेता मजल्यावार बसा.

रॅगिंगचा आरोप असेल, तर तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे गेली आहे एवढंच सांगा आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक द्या. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई करतं. आडनाव गाळून विभाग आणि वर्ष लिहिलं, तरी लहान विभागात ओळख पटतेच.

जयंत्या, सण, देशातल्या घडामोडी, सगळ्यांवर कुलगुरूंचा ईमेल येतो. कुणी वाचत नाही. – विभागप्रमुख, पुणे

साहजिक आहे. शिकागो विद्यापीठाच्या १९६७ च्या कॅल्व्हन अहवालानं भूमिका मांडली की मतं प्राध्यापक-विद्यार्थ्यांची असावीत, संस्थेनं गप्प राहावं. संस्थेच्या मूळ कामावरच घाला येत असेल तेव्हा मात्र बोलावं. हार्वर्डनंही मे २०२४ मध्ये असंच काहीसं धोरण स्वीकारलं. आपल्याकडे शासकीय जयंत्या टाळता येत नाहीत, टाळूही नयेत, पण त्यांचे संदेश जनसंपर्क कक्षाच्या पत्त्यावरून जाऊ द्या. कुलगुरूंचा पत्ता शुल्क, परीक्षा, सुरक्षा आणि नियमांतले बदल यांच्यासाठीच राखून ठेवा. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’ न लिहिता ‘वसतिगृह शुल्काची मुदत ३१ ऑगस्ट’ असं लिहा.