सीमाभागात शेजारचं राज्य स्थानिक कारभारावर प्रभाव कसा टाकतं?

तुमचा प्रश्न असा की, वादातला भाग ज्या राज्याच्या ताब्यात नाही, ते शेजारचं राज्य तिथल्या कारभारात काही बदल घडवू शकतं का. मी कोल्हापूरचा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न लहानपणापासून बघतोय. बदल घडतो, पण बऱ्याचदा भलत्याच बाजूनं.

१९५६ साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, फक्त चंदगड तालुका आमच्या जिल्ह्यात आला. हा वाद सोडवायला केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. तोवर कारभार कर्नाटकाचाच. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, तर कर्नाटक सरकारनं पालिकाच बरखास्त केली. पुढं तिथं सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं दुसरं विधानभवन, उभं राहिलं. २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि आता हिवाळी अधिवेशन तिथं भरतं. मुंबईनं हक्क सांगितला नसता तर बंगळुरूनं हे केलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रातल्या, सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये नेमकं उलटं झालं. २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी तिथल्या दुष्काळी गावांवर दावा सांगितला, आणि जतला पाणी देणाऱ्या, वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली मुंबईत भराभर हलल्या. शेजाऱ्यानं हात पुढं केला की घरचा मालक जागा होतो. कुठं पाणी देतो, कुठं दांडका काढतो.

महाराष्ट्र योजनांतूनही शिरतो. २०२३ मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकानं जोरात हरकत घेतली. आजारी माणसाला उपचार मिळत असतील तर मी त्याच्या बाजूनं आहे, राज्य कुठलं का असेना.

पण रोजचा त्रास वेगळाच. माझी आत्या कर्नाटकात, निपाणीकडच्या एका खेड्यात दिली आहे. मागं तिच्या शेताचा उतारा काढायला मी सोबत गेलो होतो. कागद हातात आला तो सगळा कानडीत. तिनं चष्मा पुसला, कागद उलटसुलट केला आणि मला विचारलं, "बाळ, ह्यात माझं नाव कुठं लिहिलंय रे?" मलाही वाचता येईना. शेवटी बाहेर अर्ज लिहीत बसलेल्या माणसानं बोट ठेवून दाखवलं. पन्नास वर्षं कसलेल्या जमिनीवर आपलं नाव आहे का, हे तिला परक्याकडून कळलं.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे देशपातळीवर ठरलेलं आहे. त्यासाठी सीमा हलवावी लागत नाही. दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातली मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात; त्यासाठी आमचे पुढारी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत जातात आणि पोलीस त्यांना अडवतात. तेवढ्याच जिद्दीनं त्यांनी मराठी कागदपत्रांसाठी केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे वर्षभर पाठपुरावा करावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. जतमधल्या कानडी माणसालाही हाच हक्क आपण दिला पाहिजे.