बाईकच्या साईड स्टँडचा बोल्ट सारखा ढिला होतो, जास्त आवळला की स्टँड जाम होतो. काय करावं?

आधी सरळ सांगतो, तुम्ही कमी आवळताय म्हणून तो ढिला होत नाहीये. "नीट आवळला नसशील" हे मी माझ्या दादाकडून चार वर्षं ऐकलंय म्हणून लिहायला बसलो.

आमची गाडी एका रात्री उभ्या उभ्या पडली. वारा नाही, कोणाचा धक्का नाही, सकाळी बघतो तर आडवी, क्लचचं लिव्हर तुटलेलं आणि टाकीला पोचा. दादा म्हणाला तुला स्टँड लावता येत नाही. त्याआधी दोनदा त्यानेच पान्याला पाईप घालून तो बोल्ट आवळला होता, मग स्टँड पायाने लाथ मारून पाडायला लागायचा आणि आठ-दहा दिवसांत परत लडबडायचा. का, ते त्याने कधी उघडून बघितलं नाही. मी बघितलं. गाडी डबल स्टँडला लावली, स्प्रिंग काढली, बोल्ट काढून पेट्रोलने पुसला. डोक्याखाली जो बिनआट्याचा गुळगुळीत भाग असतो, ज्यावर स्टँड फिरतो, तिथे एका बाजूला पायरी पडलेली, नख फिरवलं की अडकायचं. ती बाजू चकचकीत आणि बाकी सगळा वाळलेल्या ग्रीसने काळा. स्टँडचं भोक तर गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालेलं.

असा बोल्ट कितीही आवळा, गाडीचं वजन आलं की स्टँड त्या भोकात आडवा सरकणार आणि दर वेळी बोल्ट थोडा थोडा उलटा फिरणार. हे मी मनाने सांगत नाही, गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने १९६९ सालीच मांडलंय की नट-बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हलण्याने. स्प्रिंग वॉशर टाका म्हणणारे भेटतील, ऐकू नका, या हलण्यापुढे तो काही कामाचा नाही.

बोल्ट नवीन घ्या, तुमच्याच मॉडेलचा. डोक्यापर्यंत आटे असलेला साधा बोल्ट अजिबात घालायचा नाही, ते आटे कानशीसारखं भोक खातात. भोक लांबट झालं असेल तर बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची नळी, बसवून घ्या नाहीतर स्टँडच बदला. ग्रीस फक्त गुळगुळीत भागाला, आट्यांना नाही. आणि जाम होण्याचं म्हणाल तर मागे लॉकनट असलेल्या गाड्यांना बोल्ट आधी बसेपर्यंत आवळायचा, मग थोडासा उलटा सोडायचा, स्टँड स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वर जातोय ना बघायचं आणि मग बोल्ट एका पान्याने धरून मागचा नट कचकून आवळायचा. ताकद लावायचीय ती तिथे, बोल्टच्या डोक्यावर नाही, हेच मी दादाला सांगत होतो. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, असेल तर नवीनच घाला. साधा असेल तर आटे कोरडे साफ करून निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावा आणि २४ तास त्याला हात लावू नका. लाल लावू नका, तापवल्याशिवाय सुटत नाही.

हो, एक राहिलं, स्प्रिंग काढताना तोंड बाजूला ठेवा, ती सुटून जोरात लागते. स्टँडला स्विच असेल तर वायर ओढली जाऊ देऊ नका, नाहीतर गाडी चालू होणार नाही आणि तुम्ही भलतंच शोधत बसाल. आणि फ्रेमवरच्या पट्टीलाच तडा असेल किंवा तिचे आटे गेले असतील तर हे काहीच उपयोगाचं नाही, गॅरेजलाच न्या. स्टँडवर असताना गाडीवर बसून राहायची सवय असेल तर ती पण सोडा, दादाला होती.

नवीन बोल्ट घालून दोन वर्षं झाली, एकदाही पाना लावलेला नाही. जुना मी जपून ठेवलाय. तुमचाही फेकू नका, घरात कोणी "नीट आवळत नाहीस" म्हणालं तर हातात द्या आणि नख फिरवून बघ म्हणा.