शेजाऱ्याचं जनावर आपल्या दारात : वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची बरीच पत्रं आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण शेजारी पण हाच अंक वाचत असतील आणि भांडण वाढायला नको.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मागच्या गल्लीत एकांचा गोठा आहे, सकाळी धार काढली की गाई सोडून देतात, त्या दिवसभर आमच्याच गल्लीत, आणि संध्याकाळी आपोआप घरी. आपल्याकडं नळाला पाणी कसं येतं तुम्हाला माहितीच आहे, भांड्याचं, कपड्याचं शेवटचं पाणी घालून घालून मी जास्वंद, मोगरा, कढीपत्ता जगवला होता, सगळं ओरबाडून खाल्लं. गेटची कडी तोंडानं सरकवून आत येतात हो, खोटं वाटेल पण मी बघितलंय. त्यांना सांगायला गेलं की "मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय" म्हणतात. मिस्टर म्हणतात भांडण नको. एकदा आत आली की गेट लावून कोंडूनच ठेवू का? मग येतील झक मारत.
– एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : खोटं अजिबात वाटत नाही. आडवी सरकणारी कडी गाईला जमते, कडीचं टोक नाकाला किंवा शिंगाला लागतं, ती मान हलवते, कडी सरकते, आणि आपलं गेट आत उघडणारं असलं तर अंगाचा भार टाकला की झालं काम. एकदा जमलं की ती विसरत नाही, आणि तिच्या मागनं बाकीच्या येतात. म्हणून पहिलं काम गेटचं. फॅब्रिकेशनवाल्याकडून खाली फरशीत जाणारी उभी खिट्टी बसवून घ्या, ती वर उचलून फिरवावी लागते, गाईला ते होत नाही. सोबत एक छोटी साखळी आणि हूक. आणि पेपरवाला, दूधवाला, घंटागाडीला कचरा द्यायला पळणारी आपलीच माणसं, यांच्यापैकी कुणीतरी गेट उघडं टाकतंच, त्याच्यासाठी स्प्रिंग लावून घ्या म्हणजे आपोआप लागेल.

आता दुसरं, जे तुम्ही लिहिलं नाही पण मला विचारावंसं वाटतं. तुमच्या गल्लीत गेटपाशी, कट्ट्यावर शिळी भाकरी, पोळी, उरलेला भात ठेवतात का? बहुतेक ठेवत असतील, आपल्याकडं गाईला घास द्यायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. पण गाय जिथं खायला मिळतं तिथंच रोज ठरल्या वेळेला येणार, आणि तिथनं चार पावलांवर तुमची जास्वंद. शिवाय शिजलेलं अन्न जास्त झालं की तिच्या पोटात आम्ल वाढतं, पोट बंद पडतं, लग्नातलं उरलेलं जेवण खाऊन जनावर दगावल्याचं खेड्यातली माणसं सांगतात ते खरंच आहे. कॅरीबॅगेत बांधून ठेवलं तर ती कॅरीबॅगसकट खाते, ते प्लॅस्टिक पोटात साठत जातं. ज्यांना घास द्यायचाय त्यांनी मूठभर हिरवा चारा घेऊन गोठ्यात जाऊन द्यावा, असं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्हीच टाका, गोडीत.

झाडांसाठी एक जुना उपाय आहे, शेतकऱ्यांना माहिती असतो. ताजं शेण पाण्यात कालवून, गाळून, त्याचा पातळ काला पानांवर शिंपडायचा. शेणाचा वास लागलेल्या पाल्याला गाई-म्हशी, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पाऊस पडला किंवा नवी पालवी फुटली की परत शिंपडायचं. कढीपत्ता रोज तोडून खायचा असतो, त्याच्यावर नको, त्याला जाळी करा. कुंपणाला अडुळसा लावा, शेळीसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही, किंवा करवंद, त्याला काटे असतात आणि पाणी फारसं लागत नाही. कण्हेर लावू नका असं मी मुद्दाम सांगते, जनावर खात नाही म्हणून बरेच जण लावतात, पण उन्हाळ्यात कुठंच हिरवं नसलं की भुकेलं जनावर खातं, आणि कण्हेरीचं विष जीव घेतं.

आता कोंडून ठेवायचं. तर बघा, गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा 1871 सालचा आहे, इंग्रजांच्या काळातला. त्याच्यात असं आहे की दुसऱ्याचं जनावर आपल्या जागेत शिरून नुकसान करत असेल तर जागा वापरणाऱ्याला ते धरता येतं, पण धरल्यापासून 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायला लागतं. घरी बांधून ठेवून "एवढे पैसे द्या मग सोडते" असं करायचं नाही, तिची धार काढायची नाही, उपाशी तहानलेली ठेवायची नाही. तसं केलं तर बेकायदा धरलं म्हणून मालकालाच 10 दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करता येते, म्हणजे नुकसान तुमचं आणि आरोपी पण तुम्हीच. उलट तुम्ही रीतसर कोंडवाड्याकडं नेत असताना कुणी दांडगाईनं जनावर सोडवून नेलं तर त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोंडवाड्यातनं सोडवताना दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाला भरायला लागतो, मुदतीत कुणी आलंच नाही तर लिलाव होतो. तुम्ही एकट्यानं गाय ओढत न्यायची काही गरज नाही, महापालिकेला कळवा, मोकाट जनावरं धरायचं काम त्यांचं आहे. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.

पण हे सगळं नंतर. आधी एकदा मालकाशी नीट बोला, आणि नेहमीपेक्षा वेगळं बोला. रागाच्या भरात, गाय समोर झाड खात असताना गेलात की तो पण आवाज चढवणार, चार माणसं जमली की तो मागं हटणारच नाही. धारेच्या वेळेला जाऊ नका. दुपारी, निवांत असताना मिस्टरांना घेऊन जा, मोबाइलमधला व्हिडिओ दाखवा, त्याच्यात गाईच्या कानातला पिवळा बिल्ला दिसला पाहिजे, त्याच्यावर 12 अंकी नंबर असतो आणि जनावर नोंदलेलं असेल तर मालकाचं नाव त्या नंबरावर असतं, म्हणजे "आमची गाय नव्हेच" हे चालत नाही. आणि मागणी एकच करा, साधी. "गाई सांभाळा" असं म्हटलं तर त्याला काहीच म्हटल्यासारखं होत नाही. "धार काढल्यावर दाव्याला बांधा, आमच्या गल्लीत सोडू नका, आठवडाभर बघतो, नाहीतर महापालिकेत अर्ज देतो" एवढंच. त्याची अडचण पण ऐका, कडब्याची पेंडी उन्हाळ्यात काय भावानं जाते हे त्याला विचारा, वैरण परवडत नाही म्हणून सोडणारे पुष्कळ आहेत. पण अडचण त्याची आहे म्हणून झाडं तुमची जावीत असं होत नाही, आणि "मुकं जनावर" म्हणून हात झटकणं तर मला अजिबात पटत नाही. ते मुकं आहे म्हणूनच त्याची जबाबदारी बोलता येणाऱ्या मालकावर आहे. उद्या विजापूर रोडवर ट्रकनं तिला उडवली तर कोण उभं राहणार?

प्रश्न : नमस्कार ताई. उत्तर सोलापूर तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आणि थोडी ज्वारी आहे. बांधाला बांध चुलत भावाचं रान. त्याच्या शेळ्या रोज आमच्यात येऊलालेत, डाळिंबाचा कोवळा फुटवा खातात, बहार धरलेल्या झाडाचं वाटोळं होतं. गाय पण येते कधीमधी ज्वारीत. भावकी असल्यानं केस पण करवत नाही. मुलगा म्हणतो तारेत करंट सोडू, बोअरची लाइन जवळच आहे. सोडू का?
– एक शेतकरी

उत्तर : दादा, करंट सोडू नका. मुलाला हे पान वाचायला द्या. तारेत थेट लाइन सोडली की शेळी मरायच्या आधी माणूस मरतो, रात्री पाणी द्यायला आलेला आपलाच माणूस, चुलत भावाचं पोरगं, कुणीही. आणि मग तो अपघात म्हणून सुटत नाही, गुन्हा दाखल होतो, जेल होते. बाजारात बॅटरीवर, सोलरवर चालणारं झटका मशीन मिळतं ते वेगळं असतं, त्याच्यात करंट क्षणभरच येतो नि थांबतो, जनावर दचकून मागं जातं, मरत नाही. तेच घ्या, चांगल्या कंपनीचं, आणि तारेवर पाटी लावा. शेळ्यांसाठी खालची तार जमिनीपासून फार वर नको, त्या खालनंच शिरतात.

तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. गाय ज्वारीत येते म्हणालात. ज्वारी कोवळी असताना, गुडघ्याच्या आत, किंवा पाण्याच्या ताणानं खुरटलेली असताना, किंवा कापून झाल्यावर खोडव्याला जे फुटवे येतात त्याच्यात, विष असतं, खाल्लं की पोटात सायनाइड तयार होतं. आपल्याकडं किराळ लागली म्हणतात ती हीच. जनावर तोंडाला फेस येऊन, धापा टाकत थोड्या वेळात पडतं, डॉक्टर यायच्या आत खेळ संपलेला असतो. अशी गाय तुमच्या रानात मेली तर भावकी म्हणणार तुम्ही विष घातलं, आणि ते डाग धुऊन निघत नाहीत. डाळिंबाचं पण तेच, तुमच्या फवारण्या चालू असतात, फवारलेला पाला शेळीनं खाल्ला तर काय?

म्हणून भावाला हे सांगा, तुमच्या नुकसानीच्या आधी हे सांगा. "दादा, तुझी गाय माझ्या कोवळ्या ज्वारीत आली तर तिला किराळ लागेल, मला बघवणार नाही." फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करा किंवा मेसेज टाका, तो मेसेज तुमच्याकडं राहील, उद्या काही झालं तर तुम्ही सांगितलं होतं हे दाखवता येईल. आणि जनावर खाऊन पडलंच तर कुणाचं आहे हे बघत बसू नका, 1962 ला फोन लावा, तो सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा नंबर आहे, आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पण. त्यांच्याकडं इंजेक्शन असतं, वेळेत मिळालं तर वाचतं.

एवढं करून त्यानं ऐकलं नाही तर पोलीस पाटील, सरपंच यांना मध्ये घ्या, जागेवर पंचनामा करून घ्या, फोटो ठेवा. ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा पण करता येतो, पण भावकीत दावा म्हणजे पोराबाळांपर्यंत जातो, म्हणून तो शेवटी. बांधावर दोघांनी निम्मा-निम्मा खर्च करून जाळी मारायची, हे बोलून बघितलंत का? शेळ्या त्याच्या, बाग तुमची, जाळीची गरज दोघांनाही आहे.

प्रश्न : ताई, शेजारच्या काकू रस्त्यावरच्या कुत्र्यांना आमच्या गेटसमोर खायला घालतात. आता ती कुत्री आमच्याच पार्किंगमध्ये झोपतात, गाडी काढताना भुंकतात, मुलगी ट्यूशनला जायला घाबरते. काकूंना बोललं की रडतात. आमच्याकडं एकानं सांगितलं, भाकरीत औषध घालून टाका, एका रात्रीत विषय संपेल. मला ते नको वाटतंय, पण करू तरी काय?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुम्हाला नको वाटतंय ते बरोबर आहे, आणि सांगणाऱ्याला हे ऐकवा की जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा राहू द्या बाजूला, विष खाल्लेलं कुत्रं कसं मरतं हे एकदा बघितलेला माणूस असं बोलणार नाही. आणि ती भाकरी कुत्र्यानंच खाल्ली पाहिजे असं कुठं आहे, सकाळी गाय खाईल, रस्त्यावरचं लेकरू उचलेल.

काकू वाईट नाहीत, जागा चुकीची आहे. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खायला घालायची जागा ठरवायला सांगितलंय, जिना, प्रवेशद्वार, मुलं खेळतात तिथनं लांब, आणि मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतात अशा वेळी. सुप्रीम कोर्टानं पण 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायचं, रस्त्यात कुठंही नाही, असं म्हटलंय. काकूंना "खायला घालू नका" म्हणू नका, "काकू, कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपाशी घालू, मी पण येते सोबत" असं म्हणा. कुत्री जेवणाच्या मागनं जातात. पार्किंगमध्ये सावली आणि गारवा आहे म्हणून झोपतात, तिथं गेटच्या खालच्या फटीला जाळी मारा.

आणि काकूंकडून एक काम करून घ्या, ती कुत्री त्यांच्याजवळ येतात, तुमच्याजवळ येणार नाहीत. महापालिकेला नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी अर्ज द्या, गाडी येईल तेव्हा काकूंनी जवळ बोलवायचं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच असते, ती बघून कुणाचं झालं, कुणाचं राहिलं हे कळतं. त्यांना परत त्याच गल्लीत सोडतात, ते नियमातच आहे, म्हणून "घेऊन गेले आणि परत आणून टाकले" अशी तक्रार करू नका. चावकं किंवा पिसाळल्याचा संशय असलेलं कुत्रं असेल तर अर्जात तसं वेगळं लिहा, त्याला परत सोडत नाहीत.

मुलीला सांगा, पळायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही, सावकाश बाजूनं जायचं. आणि कुणाला चावलं, नुसता दात लागून ओरखडा आला तरी, साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं जखम धुवायची, हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जायचं, तिथं लस मोफत आहे. जखम खोल असेल तर लसीसोबत जखमेत द्यायचं इंजेक्शन पण लागतं, ते मागून घ्या. डोस पूर्ण करा, मधला एकही चुकवू नका. रेबीज एकदा झाला की त्याच्यावर इलाज नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या कोंबड्या आमची मेथी-कोथिंबीर उकरतात. कोंबड्या पण कोंडवाड्यात देता येतात का?
– एक वाचक, बाळे

उत्तर : नाही देता येत. त्या 1871 च्या कायद्यात गाई-म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, शेळ्या-मेंढ्या, उंट, अगदी हत्ती पण आहे, कोंबडी नाही आणि कुत्रंही नाही. वाफ्यावर जुनी मच्छरदाणी नाहीतर मासे धरायची जाळी काठ्यांवर ताणून टाका, रोप बोटभर होईपर्यंतच लागते. कोंबड्यांना भुसभुशीत ओली माती आवडते, म्हणून वाफ्याला पाणी संध्याकाळी, त्या खुराड्यात गेल्यावर द्या. तुमच्या वाफ्यात अंडं सापडलं तर ते शेजाऱ्यांना नेऊन द्या आणि त्याच वेळेला मेथीचं पण बोला.